फी भरण्याआधी एक अंक मागा

मे महिना आला की माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्या पालकांच्या होऊन जातात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सोलापूर इथून रात्रीच्या गाडीनं आलेली माणसं असतात. सोबत मुलगा किंवा मुलगी, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका. मी मराठी बोलते हे कळलं की ती जरा मोकळी होतात. मग पहिला प्रश्न येतो, ‘‘मॅडम, प्लेसमेंट किती?’’ आणि पाठोपाठ दुसरा, ‘‘स्टुडिओ आहे ना?’’

बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या टोकाला एका लहान विद्यापीठात मी संज्ञापन आणि पत्रकारिता शिकवते. आम्ही तिघं शिक्षक आणि तिन्ही वर्षांची मिळून सत्तरेक मुलं. प्लेसमेंटबद्दल जे खरं आहे ते सांगते: चांगल्या नोकऱ्या मोजक्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. स्टुडिओही दाखवते. पण अकरा वर्षांत एकाही पालकानं मला म्हटलेलं नाही, ‘‘तुमच्या मुलांनी काढलेला शेवटचा अंक बघू.’’ हे कुणीतरी म्हणावं, म्हणून आज लिहिते आहे.

अंक म्हणजे लॅब जर्नल. मुलांनी स्वतः बातमी शोधायची, लिहायची, तपासायची, पानं लावायची आणि छापायची, असं हे सरावाचं वृत्तपत्र. विज्ञानाच्या मुलांना प्रयोगशाळा, तशी आमच्या मुलांना ही चार पानं. अनेक ठिकाणी ते काम वर्षातून एकदा, परीक्षेच्या तोंडावर उरकलं जातं. पहिल्या पानावर कुलगुरूंचं छायाचित्र, दुसऱ्यावर स्नेहसंमेलन, उरलेल्या दोन पानांवर इंटरनेटवरून उचललेला मजकूर. असे गठ्ठे मी पाहिले आहेत. त्यांची दोरीसुद्धा सोडलेली नसते.

चांगला अंक कसा निघतो, ते एका उदाहरणानं सांगते.

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूला पाण्यानं हैराण केलं होतं. बोअरवेल आटल्या होत्या. आमचा भाग 2007 मध्ये महापालिकेत आलेल्या 110 गावांपैकी. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उचलून शहरात आणलं जातं, पण आमच्या गल्ल्यांपर्यंत ते तेव्हा पोचलेलं नव्हतं. सगळी भिस्त टँकरवर. जिल्हा प्रशासनानं खासगी टँकरचे दर बांधून दिले: पाच किलोमीटरच्या आत 6,000 लिटरला 600 रुपये, 8,000 लिटरला 700, 12,000 लिटरला 1,000. सगळ्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आमच्या अंकातही तेच घ्यायचं होतं. मी विचारलं, ‘‘हे तर छापून झालं. न छापलेलं काय आहे?’’ वर्ग गप्प. मग अथणी तालुक्यातून आलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅम, सहा हजाराचे पैसे देतोय आपण. पण टँकरमध्ये सहा हजार असतंय का?’’

ती विद्यापीठामागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची. बेंगळुरूत घराखालच्या टाकीला ‘संप’ म्हणतात. टँकरचा पाइप त्यात सोडतात आणि मग मोटर लावून पाणी वर चढवतात. तिनं घरमालकिणीला विचारून संप टेपनं मोजला. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. एक वेळूची काठी घेतली, तिच्यावर इंचाइंचाच्या खुणा केल्या. टँकर आला तेव्हा मोटर बंद ठेवायला लावली. आधी एकदा काठी बुडवली, टँकर गेल्यावर पुन्हा बुडवली. पाणी तीन फूट नऊ इंच चढलं होतं. घनफूट काढले, 180. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर. म्हणजे 5,100 लिटरच्या आसपास. सहा हजार भरायचं तर पाणी जवळजवळ चार फूट पाच इंच चढायला हवं होतं. नऊशे लिटर कुठं गेलं?

ती धावतच विभागात आली. वहीवर शीर्षक आधीच लिहिलेलं होतं: ‘पाण्याची लूट’. मी तिला सांगितलं, एका काठीवर कुणाला चोर म्हणता येत नाही. आणखी दोन टँकर मोज, वेगळ्या घरी, वेगळ्या मालकांचे. आणि ड्रायव्हरशी बोल.

दुसरा टँकर पूर्ण भरला. तिसरा पुन्हा कमी. ड्रायव्हर यादगीरकडचा होता. तो तिच्याशी उत्तर कर्नाटकच्या कन्नडमध्ये बोलला, कारण ती त्याच बोलीत विचारत होती. बोअरची धार बारीक झाली आहे, टाकी भरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, मागं गाड्यांची रांग, मालक फेऱ्या मोजतो, लिटर मोजत नाही. टाकी काठोकाठ भरेपर्यंत थांबलो तर दिवसाची एक फेरी बुडते, असं तो म्हणाला. तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. शीर्षक बदललं: ‘तीन टँकर मोजले, दोन कमी भरले’. खाली संप कसा मोजायचा त्याची आकृती. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. तीनशे प्रती आम्ही चहाच्या टपरीवर, रेशन दुकानात, खोल्यांच्या फाटकांवर लावल्या.

कुणी निलंबित झालं नाही, कुणा मंत्र्यानं निवेदन केलं नाही. आठवड्याभरात त्या घरमालकिणीनं खुणा केलेली काठी संपाशेजारी खिळ्याला टांगली. मग शेजारणीनं. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला 77 कोटी 50 लाख लिटरचा, या 110 गावांसाठीच. तरी ती काठी अजून तिथंच आहे.

मला ही बातमी इतकी जवळची का वाटते, त्याचं कारण निपाणीत आहे. माझी आई घरी विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल नेला की त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत. छाट किती निघाली ते आई चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. तारीख, हजार, छाट. शाळा न शिकलेल्या बाईनं ठेवलेला तो चोख हिशोब होता. एकदा एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आमच्या गल्लीत आला. ठेकेदाराकडं बसला, चहा घेतला, बातमी घेऊन गेला. आमच्या भिंतीपाशी तो आलाच नाही. आईनं त्या दिवशी काही म्हटलं नाही. संध्याकाळी नेहमीसारखा आकडा लिहिला. पत्रकारितेत भिंतीपर्यंत जावं लागतं, हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलेलं नाही. ते त्या संध्याकाळी कळलं.

म्हणूनच मला वाटतं, लहान विद्यापीठ ही पत्रकारिता शिकण्याची नुसती परवडणारी नाही, उत्तम जागा होऊ शकते. भिंत तिथून चालत पाच मिनिटांवर असते.

हे शिक्षण आपल्याकडे काल-परवा सुरू झालेलं नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात 1951 मध्ये, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 मध्ये, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये 1964 मध्ये आणि बंगळूर विद्यापीठात 1973 मध्ये ते सुरू झालं. एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम 1994 मध्ये याच शहरात निघालं आणि 2000 मध्ये चेन्नईला गेलं. 2017 मध्ये बंगळूर विद्यापीठाची तीन विद्यापीठं झाली, जुनी कॉलेजं विद्यापीठं झाली, खासगी विद्यापीठं आली. आज शहराच्या कुठल्याही दिशेला निघालात तरी पत्रकारिता शिकवणारी संस्था भेटते. त्या प्रत्येकीच्या दाराशी एक वॉर्ड आहे आणि त्या वॉर्डाकडं बघणारं कुणी नाही.

‘कुणी नाही’ हे मी जबाबदारीनं लिहिते. बेंगळुरू महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट 2015 मध्ये झाली. 198 नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. सप्टेंबर 2025 मध्ये ती महापालिका जाऊन तिच्या जागी पाच महापालिका आल्या, तोवरची पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको; तिथल्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यांनीही वर्षानुवर्षं प्रशासक पाहिला. गटार तुंबलं तर कुणाला फोन करायचा हे लोकांना माहीत नसतं. मोठ्या वर्तमानपत्रांना प्रत्येक वॉर्डात माणूस ठेवणं परवडत नाही. आणि त्याच वॉर्डात वीस वर्षांची, हिंडायला उत्सुक, दोन-तीन भाषा येणारी पन्नास मुलं वर्गात बसून 1950 च्या दशकातले अमेरिकी संज्ञापन सिद्धान्त पाठ करत असतात. सिद्धान्त हवेतच, मीही ते शिकवते. पण सकाळी सिद्धान्त शिकलेलं पोर दुपारी वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावर दिसलं पाहिजे.

आता भाषेबद्दल. माझ्या एका वर्गात चोवीस मुलांच्या घरी मिळून आठ भाषा बोलल्या जात होत्या. वर्गात मात्र सगळी एकाच इंग्रजीत, आणि तीही एकाच साच्यातली. कॉटनपेटचा एक मुलगा होता. घरचे नामदेव शिंपी, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत. या शहराशी मराठीचं नातं जुनं आहे. 1638 मध्ये ते विजापूरकरांच्या ताब्यात आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. पण त्या मुलानं प्रवेश अर्जावर मातृभाषा कन्नड लिहिली होती. त्यांच्या घरच्या मराठीत दुकानाला ‘अंगडी’ म्हणतात आणि पैशाला ‘दुड्डू’. ‘‘ही काही खरी मराठी नाही मॅम,’’ तो मला म्हणाला. मी त्याला सांगितलं, ‘‘ज्या भाषेत तुझी आजी तुला जेवायला बोलावते, ती खरीच असते.’’

त्यानं जुन्या शिंप्यांवर बातमी करायची ठरवली. पहिल्या खेपेला इंग्रजीत लिहून आणलं: शिंप्यांना आरोग्याच्या समस्या भेडसावत आहेत. मी विचारलं, ‘‘ते स्वतः काय म्हणाले?’’ त्यानं वही उलटली आणि वाचलं. एक सत्तरीचे गृहस्थ म्हणाले होते, ‘‘मशिनीला तेल घालता येतं, डोळ्याला काय घालू?’’ वर्ग एकदम शांत झाला. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनी अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर तेही गप्प झाले. ‘आरोग्याच्या समस्या’ या शब्दांखाली ते म्हातारे डोळे पार पुरले गेले होते. ती बातमी आम्ही कन्नडमध्ये छापली आणि ते वाक्य तेवढं देवनागरीत, जसंच्या तसं ठेवलं. त्या मुलानं अंक घरी नेऊन आजीला वाचून दाखवला.

आमच्या विभागात आम्ही दोन पत्रकार दिन पाळतो. 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा, 1832 चा. आणि 1 जुलैला ‘मंगळूरु समाचार’चा, ते पहिलं कन्नड वृत्तपत्र 1843 मध्ये हेर्मान म्योगलिंग या जर्मन मिशनऱ्यानं काढलं. ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत निघायचा. दोन्ही दिवशी मुलांना मी एवढंच सांगते, की आपल्याकडची वृत्तपत्रं लोकांच्या भाषेत जाण्याच्या धडपडीतून उभी राहिली. याच शहरात पी. लंकेश यांनी इंग्रजीचं अध्यापन सोडलं आणि 1980 मध्ये ‘लंकेश पत्रिके’ हे कन्नड साप्ताहिक काढलं, तेही जाहिराती न घेता. त्यांच्या मृत्यूनंतर 2000 मध्ये त्यांची मुलगी गौरी, इंग्रजी पत्रकारितेत अनेक वर्षं काढून, कन्नडकडं परतली. 5 सप्टेंबर 2017 च्या रात्री राजराजेश्वरीनगरमधल्या घराशी गोळ्या घालून गौरी यांची हत्या झाली. दर वर्षी एखादं मूल मला विचारतं, ‘‘मॅम, हे शिकून भीती नाही का वाटत?’’ मी खोटा धीर देत नाही. भीती वाटते. म्हणून तर तपासून लिहायचं, एकट्यानं न जाता दोघांनी जायचं आणि संस्थेनं पाठीशी उभं राहायचं.

संस्था पाठीशी उभी राहते का, हा कळीचा मुद्दा आहे. पूर्वी मी जिथं शिकवत होते तिथं मुलांनी रिकाम्या प्लॉटवर कचरा कोण टाकतं, याची बातमी केली. तीन रात्री जागून गाड्यांचे नंबर टिपले होते. अंक छापून आला आणि दुपारी वरून निरोप आला, वाटू नका. गठ्ठे कपाटात गेले, कुलूप लागलं. बातमीत चूक आहे असं कुणीही म्हटलं नाही. त्या मुलांपैकी दोघांनी पुढं पत्रकारितेचं नावच काढलं नाही. त्या दिवशी त्यांना जे शिकवलं गेलं, ते मी तीन वर्षांत पुसू शकले नसते.

पालकांची नोकरीची काळजी मला समजते. माझ्या घरीही ती होती. पण कामाला काय येतं, हे मी विद्यार्थ्यांकडूनच शिकले आहे. आमची मुलं वर्तमानपत्रांत आहेत, तशीच रुग्णालयाच्या माहिती विभागात आहेत, कंपन्यांच्या जनसंपर्कात आहेत, खोट्या बातम्या तपासणाऱ्या टेबलांवर आहेत. सगळीकडं तीच मुलं टिकली ज्यांना प्रश्न विचारता येतो, आकडा पडताळता येतो आणि साध्या भाषेत लिहिता येतं. इंग्रजी हवंच, ते आम्ही कसून करून घेतो. पण बेतीव इंग्रजी मजकूर आता यंत्रही दोन मिनिटांत लिहून देतं. संपात काठी बुडवायला मात्र माणूसच जावा लागतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते बेंगळुरूइतकंच कोल्हापूर, नांदेड, जळगावच्या विद्यापीठांनाही लागू आहे. सत्रातून निदान दोन अंक निघावेत. त्यातल्या निम्म्या बातम्या विद्यापीठापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या असाव्यात. अंक परिसरातल्या निदान दोन भाषांत असावा. प्रत्येक बातमीमागची वही शिक्षकानं तपासावी, आणि गुण त्या वहीला द्यावेत. छपाई परवडत नसेल तर एक फलक पुरतो. जमलं तर सामुदायिक रेडिओ काढावा. शिक्षणसंस्थांना त्याची परवानगी 2002 पासून आहे आणि इथल्या जैन विद्यापीठाचं ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ 2007 पासून ते करून दाखवतं आहे. प्राध्यापकांचे शोधनिबंध मोजता तसे मुलांचे अंकही मोजा. आणि छापलेला अंक कपाटात ठेवू नका.

पालकांना एवढंच सांगते. मुलांना घेऊन प्रवेशाला याल तेव्हा स्टुडिओ जरूर बघा, वसतिगृह बघा, फीचं विचारा. मग म्हणा, शेवटचा अंक दाखवा. मिळाला तर त्यातली एक बातमी तिथंच बसून वाचा. मुलं कुठं गेली, कुणाशी बोलली, काय मोजून आली, ते त्यात दिसलं पाहिजे. अंक दाखवता आला नाही, तर फी भरू नका. दुसऱ्या विद्यापीठाचं दार ठोठवा.